प्रतिसाद : सालीचे फोटो, ऐन आणि कुलू

झाडांच्या सालीचे फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, हा मूळ लेखातला सल्ला ऐनाच्या झाडासाठी अगदी बरोबर. मगरीच्या पाठीसारख्या त्या सालीच्या भेगा तिरप्या उजेडातच खोल दिसतात. पण मेळघाटातल्या कुलूच्या झाडाला तेच ऊन मारक! त्याची गुळगुळीत पांढरी साल थेट उन्हात नुसती पांढरीफटक येते, सुटलेले पातळ पापुद्रे दिसतच नाहीत. कुलू ढगाळ उजेडात किंवा सूर्य टेकल्यावर घ्या, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ ठेवून, कारण कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर पांढऱ्याला राखाडी करून टाकतो. काळपट ऐनाला उलट, -२/३ पुरे.

आणि खोड गोल असतं हे धरूनच चाला. जवळून एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं ठेवून, मधली पट्टी तेवढी स्पष्ट येते, दोन्ही कडा धूसर. एफ/११ (लहान छिद्र) लावा, कॅमेरा खोडाला समांतर ठेवा, फोकस पुढच्या फुगवट्यापेक्षा किंचित मागे. लहान छिद्रातून उजेड कमी येतो, शटर मंदावतं, म्हणून ट्रायपॉड आणि २ सेकंदांचा टायमर हवाच.