थंडीत गॅरेजचे दार अडते. मोटरचा जोर वाढवावा का?

प्रश्न:
नमस्कार. आमच्या गॅरेजचे दार आडव्या फळ्यांचे, मोटरने वर सरकणारे आहे. तापमान शून्याखाली गेले की सकाळी बटण दाबल्यावर मोटर घुरघुरते, दार वीतभर उचलले जाते आणि कुरकुरत तिथेच थांबते. दुपारी ऊन आले की तेच दार सहज उघडते. मोटरवर जोर कमीजास्त करण्याचा एक स्क्रू आहे. तो थोडा फिरवला तर चालेल का?

उत्तर १:
कृपया त्या स्क्रूला हात लावू नका. दार कशाला तरी अडले आहे असे जाणवले की मोटर थांबते. ती मर्यादा वाढवली, तर दार खाली येताना मध्ये एखादे मूल आले तरी ते दाबतच राहील. शिवाय दाराचे बहुतेक वजन मोटर उचलत नाही, स्प्रिंग उचलते. म्हणून आधी स्प्रिंगची चाचणी घ्या. दार पूर्ण बंद असताना मोटरची लाल दोरी ओढून ते मोकळे करा (उघडे असताना कधीही ओढू नका, कारण स्प्रिंग तुटलेली असेल तर दार धाडकन कोसळते). मग हाताने कमरेपर्यंत उचला आणि हात न काढता पकड सैल करा. दार तिथेच राहिले तर तोल ठीक आहे. खाली घसरू लागले तर तंत्रज्ञ बोलवा, कारण पीळ भरलेली स्प्रिंग घरी सोडवताना गंभीर इजा होऊ शकते. साधारण स्प्रिंग सुमारे १०,००० वेळा उघडझाप सोसते, म्हणजे रोज ४ वेळा धरल्यास जवळजवळ ७ वर्षे. जुनी झालेली स्प्रिंग बहुधा गारठ्यातच तुटते.

तोल ठीक निघाला, तर मला संशय जुन्या ग्रीसचा आहे. रुळाच्या आतून बोट फिरवून पाहा. काळा, मेणासारखा थर बोटाला लागला, तर थंडीत तोच घट्ट होऊन रोलर धरून ठेवतो. तो फडक्याने पुसून काढा आणि रूळ कोरडेच ठेवा. सिलिकॉनचा किंवा लिथियम ग्रीसचा स्प्रे बिजागऱ्या, रोलरचे बेअरिंग आणि स्प्रिंग एवढ्यांनाच द्यावा.

उत्तर २:
दार वीतभर उचलले जाते, त्या अर्थी तळाची रबरी पट्टी जमिनीला गोठलेली नसावी. तसे कधी झाले तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, पट्टी फाटते. केस वाळवण्याच्या यंत्राने बर्फ सैल करून लाकडी पट्टीने काढावा, जागा कोरडी करावी आणि रबराला सिलिकॉन लावावे. मीठ टाकणे मी टाळतो, कारण दाराची खालची पत्र्याची कड त्याने गंजते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. दार कमरेपाशी स्थिर राहिले. रूळ पुसताना मात्र डावीकडचा, खालून तिसरा रोलर फिरत नसून नुसता घासत जातो असे दिसले. तो मी स्वतः बदलू शकतो का?

उत्तर १:
तिसरा असेल तर हरकत नाही. दार बंद ठेवा, मोटरची वीज काढा आणि फक्त त्याच रोलरची बिजागरी सोडवा. सर्वांत खालच्या रोलरच्या ब्रॅकेटला मात्र स्प्रिंगची ताणलेली तार जोडलेली असते. त्याचे बोल्ट काढू नका.