स्विव्हलवरचा गळ: फायदा आहे, पण लांबी बघा
काही जण म्हणतात की ल्यूर (मासे पकडायचं खोटं आमिष) आणि गळ यांच्यामध्ये स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी छोटी कडी, लावून काही फरक पडत नाही, सुटायचा तो मासा सुटतोच. मला नाही पटत. मासा लागला की लोळतो, डोकं झटकतो, आणि गळ थेट ल्यूरला रिंगने जोडलेला असला की अख्खा ल्यूर पहारीसारखा काम करतो अन् माशाच्या तोंडातलं भोक मोठं होत जातं, स्विव्हल असला तर गळ माशाबरोबर फिरतो. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही, स्विव्हलमुळे गळ जास्त खाली लोंबतो. माझ्या छोट्या ल्यूरचा पुढचा गळ मागच्यात अडकायला लागला, दर दोन-तीन कास्टला (फेकीला) सोडवत बसायचं, शिवाय पाण्यात अधांतरी थांबणारा ल्यूर त्या वजनाने हळूहळू बुडायला लागला. आता फक्त मागच्या गळाला लावतो, तोही एक साइज लहान घेऊन, आणि आधी काठाजवळ सोडून ल्यूरची चाल बघतो.