मदत हवी आहे: कोरल इव्हनसाँगमधली स्तोत्रं पारखायची कशी?

बीबीसी रेडिओ ३ वरचं कोरल इव्हनसाँग (अँग्लिकन चर्चमधली गायनवृंदानं गायलेली सायंप्रार्थना, १९२६ पासून चालू आहे) मी वर्षभर नेमानं ऐकतेय. कान हिंदुस्थानी संगीतावर तयार झालेला, स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही. मॅग्निफिकॅट (मरियेचं स्तुतिगीत) आणि अँथम (गायनवृंदाचं धार्मिक गीत) आता बरे कळतात, पण बायबलमधल्या स्तोत्रांत (साम्स) अडतं. एकाच सुरावर बरेचसे शब्द म्हणायचे आणि ओळ संपताना सूर बदलायचे, समोरासमोरच्या दोन गटांनी आळीपाळीनं. फार सुंदर प्रकार आहे! त्या स्थिर सुरावर घाई होऊन शेवटी गाडी अडली, तर ते मला कळतं. ऑर्गनशिवायच्या भागात तानपुरा अ‍ॅप लावून पाहिलं, सूर उतरलेलाही सापडला.

गोंधळ शब्दांचा आहे. कव्हरडेलचं (स्तोत्रांचं जुनं इंग्रजी) भाषांतर समोर ठेवून, चांगल्या हेडफोनवर ऐकलं तरी कधी कधी शब्दाच्या शेवटचा ‘स’ दोन-तीनदा फिसफिसल्यासारखा येतो. दगडी कॅथेड्रलमध्ये घुमारा असणारच. प्रत्यक्ष तिथं जाऊन ऐकणं शक्य नाही, रेडिओच आहे. मग नुसत्या कानानं कसं ओळखायचं, की हा दोष वास्तूचा आहे की गायक शब्द एकत्र संपवत नाहीत?