पुस्तकातली जादू पडद्यावर बघताना काय वाटलं? आपापले अनुभव लिहा

टिळकवाडीची अक्का
काल लेकीनं हॅरी पॉटरचा पहिला सिनेमा लावला आणि मी मेथी निवडायची सोडून बघत बसले. तिनं नुकतंच पुस्तक संपवलंय, मराठीतलं, 'हॅरी पॉटर आणि परीस'. प्रत माझीच, पुठ्ठा निघालाय, चिकटपट्टीवर तग धरून आहे. अर्ध्या तासात ती जादूची शाळा दिसली आणि पोरगी म्हणाली, "आई, माझं हॉगवर्ट्स असं नव्हतं." तेवढ्यावरून सगळं वर आलं बघा.

माझं हॉगवर्ट्स म्हणजे आपला किल्ला. बेळगावच्या पोरीच्या डोळ्यांपुढं दुसरं काय येणार? बाहेर खंदक, जवळच किल्ला तलाव. पहिल्या वर्षाची पोरं होड्यांतून शाळेत येतात ना, ती माझ्या मनात त्याच तलावातनं आली. मोठ्या जेवणघराचे खांब किल्ल्यातल्या जैन मंदिरातले, कमल बस्तीतले, गुळगुळीत, हात फिरवला की गार लागणारे, आणि वर छताला ते कोरलेलं कमळ. बंदी असलेलं जंगल जांबोटीच्या पुढचं, कणकुंबीकडचं. सिनेमा बघितला आणि एका दुपारी हे सगळं पुसलं गेलं. आता पुस्तक उघडलं की सिनेमातलाच वाडा दिसतो. याचं मला अजून वाईट वाटतं.

तरी सिनेमे मला आवडतात. काय गाळलं याचा हिशोब मी ठेवत नाही. पुस्तक वाचताना त्या पोराबरोबर जी भीती वाटली, ती परत वाटली का, एवढंच बघते. त्या मापानं २००४ चा तिसरा, अल्फोन्सो क्वारोनचा, सगळ्यांत खरा. आगगाडीतला प्रसंग आठवा. बाहेर पाऊस, दिवे जातात, खिडकीच्या काचेवर बर्फ चढत जातो, बाटलीतलं पाणी गोठतं. अजून कोणी दिसलेलं पण नसतं आणि आपल्याला हुडहुडी भरते. पहिले दोन ख्रिस कोलंबसचे. त्यांत पुस्तक पानापानानं आहे, दुसरा तर १६१ मिनिटांचा, पण अशी हुडहुडी नाही.

तुमचं सांगा. हॅरी पॉटरच पाहिजे असं नाही.

निपाणीकर
अक्का, तिसऱ्याला एवढं डोक्यावर घेऊ नका की. हॅरीच्या हाती शाळेचा जादूचा नकाशा येतो, तो कोणी केला तेच सिनेमात सांगत नाहीत! मूनी, वर्मटेल, पॅडफुट, प्राँग्ज ही चार नावं नकाशावर येतात आणि विषय संपला. ल्युपिन मास्तरला नकाशा बघताक्षणी कसा ओळखू येतो? तो त्या चौघांतलाच एक म्हणून. हॅरीच्या कांडीतनं निघणारा रक्षक हरिणच का? बाप, तोही त्या चौघांतला, हरणाचं रूप घ्यायचा म्हणून. पुस्तकात हे कळतं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. नुसता सिनेमा बघणाऱ्याला ते हरीण म्हणजे एक सुंदर जनावर, बस्स. हे गाळणं नव्हे, काळीज काढून घेणं झालं.

खानापूर गाडी
माझं उलटं झालं. आमच्या गावात पुस्तक कुठलं, टीव्हीवर हिंदीत पहिला भाग लागायचा तो बघितला. अर्ध्यात लाईट जायची. शेवट काय झाला ते कळायचंच नाही, म्हणून मग बेळगावात शिकायला आल्यावर वाचनालयातनं पुस्तक आणलं. त्यात पीव्ज नावाचं भूत! सिनेमात कुठंच नाही, आठही भागांत नाही. मला तर लॉटरी लागल्यागत झालं, माहीत असलेल्या गोष्टीत एक नवीन माणूस. त्यामुळं सिनेमानं पुस्तक बिघडवलं असं मला कधीच म्हणवत नाही. सिनेमा नसता तर एवढं जाड पुस्तक मी हातात धरलं नसतं.

मास्तर, चिकोडी
मी जुन्या जमान्यातला, निवृत्त. शनिवारी शेवटच्या तासाला वर्गाला गोष्टी सांगायचो, त्यांत ओझच्या जादूगाराची असायची. मूळ पुस्तक १९०० सालचं, सिनेमा १९३९ चा. पुस्तकात डोरोथीचे बूट चांदीचे आहेत, सिनेमात ते लाल माणकांचे केले, कारण टेक्निकलर, म्हणजे रंगीत सिनेमाचं तंत्र, तेव्हा नवलाईचं आणि पिवळ्या रस्त्यावर लाल रंग खुलून दिसतो. ह्याला माझी हरकत नाही. पडद्याला पडद्याची गरज असते.

हरकत आहे ती शेवटाला. पुस्तकात ती पोर खरोखरच त्या देशात जाऊन येते. परत येते तर काका नवीन घर बांधतोय, कारण जुनं वादळानं उचलून नेलेलं. सिनेमात ती पलंगावर जागी होते आणि सगळं स्वप्न ठरतं. मी वर्गात मुद्दाम दोन्ही शेवट सांगून बघितले. स्वप्नाचा शेवट सांगितला की मुलं गप्प दप्तर आवरायची. खरा शेवट सांगितला की "गुरुजी, मग ते बूट कुठं पडले?" म्हणून पाठ सोडायची नाहीत. (पुस्तकात ते वाटेत, वाळवंटावर पडतात.) मुलाला एवढं लांब घेऊन जायचं आणि शेवटी 'असं काही नव्हतंच' म्हणायचं, हे मला पटलेलं नाही, पटणारही नाही. बाकी तो सिनेमा फार गोड आहे.

सांबऱ्याचा
गुरुजी नमस्कार करतो. चिकोडीत मराठी शाळेत होता काय तुम्ही? माझा आतेभाऊ तिथंच शिकला, तो एका गोष्टीवाल्या गुरुजींचं सारखं सांगतो.

मास्तर, चिकोडी
असेल असेल. त्याला आशीर्वाद सांगा. काय करतो सध्या?

सांबऱ्याचा
हुबळीला रेल्वेत आहे गुरुजी. आज रात्रीच सांगतो त्याला, लई खूश होईल.

शहापूर
नार्निया कोणी घेतलं नाही अजून? २००५ चा पहिला भाग. पुस्तकात एडमंड बहीणभावांना फसवून चेटकिणीकडं जातो ते टर्किश डिलाइट नावाच्या मिठाईसाठी. मी शाळेत वाचलं तेव्हा ते काय असतं कोणाला माहीत! मी आपला कुंदा धरला. म्हणजे भट्टीवरनं नुकता उतरलेला, कोमट, कडेनं जरा जास्त खरपूस झालेला. त्यासाठी पोरगं वाट चुकलं हे मला लगेच पटलं. सिनेमात बघते तर डब्यात पांढरी भुकटी लावलेल्या वड्या. एडमंडचं कामच समजेना मला, एवढ्यासाठी?

दुसरं म्हणजे लढाई. पुस्तकात ती थोडक्यात उरकलीय, सिनेमात केवढी लांबवली. पण त्याची बहीण ल्यूसी कपाटात शिरते, कोटांतनं हात घालत मागं मागं जाते आणि हाताला फांदी लागते, ते मात्र अगदी वाचलं होतं तसंच. तेवढ्यासाठी मी तो परत परत बघते.

निपाणीकर
शहापूर ताई, आता कुंदा पाहिजे. जबाबदारी तुमची.

शहापूर
या की मग, चहाला या. येताना निपाणीचं काही आणा. तंबाखू सोडून 😄

अनगोळ नाका
मी फास्टर फेणेवर लिहितो, जादू नाही त्यात, तरी चालवून घ्या. भा. रा. भागवतांचा फेणे म्हणजे शाळकरी पोरगा, फुरसुंगीचा, सायकलवर. २०१७ च्या सिनेमात तो मोठा करून टाकला, अमेय वाघ. सिनेमा चांगला होता, वेग होता, मी शिट्टी पण मारली. पण माझ्या आठ वर्षांच्या पोराला घेऊन गेलो होतो आणि ते विचारतंय, "बाबा, ह्यात माझ्याएवढा कोण?" पुस्तक वाचताना आपण फेणे असतो. सिनेमात आपण फेणेला बघत बसतो. तिथंच सगळा फरक आहे माझ्या मते. दूरदर्शनवर मालिका होती, सुमीत राघवन होता त्यात, तो तरी पोरगाच होता.

कुकर झाला, येतो नंतर.

टिळकवाडीची अक्का
निपाणीकर, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ल्युपिनच्या तोंडी एक वाक्य टाकलं असतं तर भागलं असतं, आणि ते नाही ही त्या सिनेमातली खरी उणीव. तरी एक सांगते. तिसऱ्यातली पोरं घरच्या कपड्यांत, केस विस्कटलेले, पावसात भिजलेली दिसतात. शाळेच्या राखणदाराच्या, हॅग्रिडच्या झोपडीचं शूटिंग स्कॉटलंडच्या डोंगरात केलंय, ग्लेनकोला. ते धुकं आणि ओला उतार बघितला आणि मला जांबोटीचं रान परत मिळालं. बाकी सिनेमांनी घेतलेलं त्या एकानं थोडं परत दिलं.

अनगोळ दादा, 'माझ्याएवढा कोण' हे फार आवडलं. पोराला शाबासकी द्या.

वडगाव गल्ली नं…
पाचवा हॅरी पॉटर!! सगळ्यांत जाड पुस्तक आणि सिनेमा १३८ मिनिटांचा. चौथ्यात पण, तळ्याखाली जायला हॅरीला पाणवनस्पती डॉबी हा बुटका घरगडी आणून देतो, सिनेमात वर्गमित्र नेव्हिल देतो. डॉबीचं मधलं सगळं आयुष्य कापलं, आणि मग सातव्यात तो मरतो तेव्हा आम्ही रडावं म्हणतात. मी रडलेच, पण पुस्तकाच्या जोरावर. शेजारी बसलेला माझा नवरा, ज्यानं पुस्तक वाचलं नाही, तो विचारूलाय, "हा कुठला गा?"

खानापूर गाडी
😭 डॉबी

वडगाव गल्ली नं…
आता मालिका करूलेत म्हणे, पुस्तकाला एक सीझन. तेवढा वेळ असला तर डॉबी बसेल सगळा. पण वेळ मिळाला म्हणून जीव येईलच असं नाही, दुसऱ्या सिनेमाबद्दल अक्कांनी लिहिलंय तेच.

येळ्ळूर वाचनालय
सगळं वाचलं, आता मदत करा. मे महिन्याच्या सुट्टीत गावातल्या पोरांना एक सिनेमा दाखवायचाय, आधी आठवडाभर त्याचं पुस्तक मोठ्यानं वाचून. दुसरी ते सातवीची पोरं. अक्कांचं ऐकून तिसरा लावावा म्हणतोय.

टिळकवाडीची अक्का
नको नको! दुसरीतल्या पोरांना ते आगगाडीत थंडी आणणारे दमपिशाच्च झेपायचे नाहीत, रात्री आयांना त्रास. आणि आधीची दोन पुस्तकं न वाचता काही कळणार पण नाही. पहिलाच लावा. लहानांना तो पानापानानं जाणाराच बरा, वाचलेलं ओळखू आलं की ओरडतात.

मास्तर, चिकोडी
सहमत. आणि सिनेमाच्या आधी प्रत्येकाकडून शाळेचं चित्र काढून घ्या. नंतर नको, आधी. मुलांनी आपापलं एकदा कागदावर उतरवलं की मग पडद्यावर काहीही दिसू दे.

येळ्ळूर वाचनालय
हे करतोच गुरुजी. कागद आहेत, खडू पेट्या थोड्या कमी पडतील.

शहापूर
खडू मी देते, भाचीच्या दुकानात आहेत. कुठं पोचवू?

येळ्ळूर वाचनालय
आमचा एक मुलगा रोज शहापूरला कामाला येतो, त्याला पाठवतो. आणि मंडळी, प्रोजेक्टर कोणाकडं आहे काय? शाळेचा आहे तो हिरवाच दाखवतोय सगळं.

अनगोळ नाका
माझ्या मेव्हण्याकडं आहे. विचारून रात्री कळवतो.