कमाटीबागेतलं म्युझियम आधी बाहेरून बघा

नेहा (बी-२०४): नमस्कार सगळ्यांना, रविवारी पुण्याहून माझी नणंद आणि भाची येतायत. भाची आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला बडोद्यातल्या बिल्डिंगा बघायच्यात. लक्ष्मी विलास पॅलेस ठरलंच आहे, अजून काय दाखवू?

संजय (ए-१०१): पॅलेसलाच अर्धा दिवस जातो. दरबार हॉलची मोझेकची फरशी नीट बघू दे तिला. नंतर सुरसागर तलाव, मांडवी दरवाजा, झालं की.

अनघा (बी-४०२): संजयदादा, कमाटीबागेतलं, म्हणजे सयाजीबागेतलं, म्युझियम राहिलंच की! आर्किटेक्चरची मुलगी आहे तर ते आधी.

संजय: अगं तिथे लहान पोरांना नेतात, ममी आणि देवमाशाचा सांगाडा बघायला.

अनघा: हेच मला खटकतं. आपण सगळे तिथे देवमासा बघायला जातो आणि ज्या बिल्डिंगमध्ये तो ठेवलाय तिच्याकडे मान वर करून कोणी बघत नाही. नेहा, तिला सरळ तिकीट खिडकीवर नेऊ नकोस, आधी समोर लांब उभं कर, खाली कमानींची रांग, त्यावर उतरती छपरं, आपल्याकडचं आणि युरोपातलं असं एकत्र आलंय की कुठे जोड दिसत नाही. मी लहानपणापासून बघतेय तरी बागेतून चालत येताना झाडांमधून ती समोर आली की पाय थांबतातच.

विवेककाका (ए-३०३): अनघा बरोबर बोलतेय. थोडं मी सांगतो, नेहा तू भाचीला फॉरवर्ड कर. पॅलेसचं काम मेजर मँट या इंग्रज आर्किटेक्टने सुरू केलं, कोल्हापूरचा न्यू पॅलेस त्याचाच. तो १८८१ मध्ये गेला, मग रॉबर्ट चिझमने पॅलेस पूर्ण केला, १८९० मध्ये. आणि त्याच चिझमचा हात आपल्या म्युझियमला लागलाय, १८९४ मध्ये बांधून झालं आणि लोकांसाठी उघडलं. म्हणजे सयाजीराव महाराजांनी स्वतःच्या राहत्या राजवाड्याला जो माणूस लावला तोच रयतेच्या म्युझियमलाही लावला, दुसरा कोणी स्वस्तातला शोधला नाही. आणि जागा कुठली दिली तर बागेतली, जिथे कोणीही सहज फिरत येऊ शकतो. सयाजीरावांचं मोठेपण मला तरी इथे जास्त दिसतं. राजवाडा त्यांचा होता, म्युझियम पहिल्यापासून आपलं.

रोहन (सी-५०१): काका, युनिव्हर्सिटीतल्या आर्ट्स फॅकल्टीचा घुमट पण चिझमचाच ना? आम्ही त्याच्या सावलीत चहा पिऊन शिकलो 🙂

विवेककाका: हो, आणि न्याय मंदिर, म्हणजे जुन्या कोर्टाची इमारतही. त्रिवेंद्रमचं नेपियर म्युझियमसुद्धा त्याचं, १८८० चं, तिथे केरळच्या पद्धतीची छपरं घेतली त्याने. आपल्याकडे तीच नक्कल चिकटवली नाही, इथलं वेगळं केलं. मुलीला दोन्हीचे फोटो शेजारी ठेवून बघायला सांग, चांगला अभ्यास होईल.

नेहा: वा काका, हे मला काहीच माहीत नव्हतं! आणि शेजारची पिक्चर गॅलरी?

अनघा: ती नंतरची. १९०८ ला काम सुरू झालं, १९१४ ला इमारत तयार झाली आणि नेमकं महायुद्ध सुरू. युरोपातून यायची चित्रं तिकडेच अडकली, त्यामुळे गॅलरी उघडली १९२१ मध्ये. सात वर्षं तयार इमारत चित्रांची वाट बघत राहिली. आज आपण तिथे जाऊन युरोपातली जुनी ऑइल पेंटिंग्ज बघतो ना, ती अशी पोचलीयत. मला हे कळल्यापासून त्या खोल्यांमधून घाईने फिरवतच नाही.

सुलभामावशी (ए-००२): मुली, अकोट्याच्या मूर्ती दाखवायला विसरू नका. आपली सोसायटी आहे त्याच अकोट्यात १९५१ मध्ये ६८ जैन ब्राँझ मूर्ती सापडल्या, त्यातल्या कितीतरी या म्युझियममध्ये आहेत. त्यात जीवंतस्वामी आहेत, म्हणजे दीक्षा घ्यायच्या आधीचे महावीर, त्यामुळे डोक्यावर मुकुट आणि अंगावर दागिने. आणि ती चामरधारिणी! हातात चवरी, कंबर जराशी एका बाजूला, किती सहज उभी आहे. इतक्या शतकांपूर्वी आपल्याच पायाखालच्या गावात हे होतं, मी दर वेळी तिच्यापुढे थांबते.

संजय: मावशी, इतकी वर्षं अकोट्यात राहतोय, मूर्ती कधी अशा बघितल्या नाहीत. चला, मी पण येतो.

अनघा: या ना दादा. आणि एक सांगू, तिथे अजून चांगली लायटिंग आणि नीट माहितीच्या पाट्या हव्यात, मराठी-गुजराती दोन्हीत. इतकी देखणी वास्तू आहे तर आतलंही तसंच मांडलेलं दिसावं असं फार वाटतं. आपण बडोदेकर जास्त संख्येने गेलो, विचारत राहिलो तर हे होईल, नाहीतर कोणाला घाई?

रोहन: ताई, मी वहीत लिहून देतो, तिथे अभिप्रायाची वही असेल तर त्यात.

नेहा: मग ठरलं, म्युझियम आधी, पॅलेस दुपारी. रविवारी उघडं असतं का एकदा बघून ठेवते. किती जण येताय? गाडीत दोन जागा आहेत.

सुलभामावशी: एक माझी. गुडघ्यांमुळे जिन्यांना वेळ लागेल, पण येणार.

विवेककाका: दुसरी माझी. नेहा, भाचीला स्केचबुक आणायला सांग, समोरच्या लॉनवर बसून ती छपरं काढू दे आधी, मग आत जाऊ.