मदत हवी आहे: बॅचमधल्या मोठ्या उद्योजकांशी ओळख वाढवायची कशी?

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) जॉबवर्क करतो. सध्या एका नेतृत्व विकास कार्यक्रमात आहे. बॅचमध्ये इचलकरंजीचे यंत्रमागवाले, हुपरीचे चांदीवाले, गोकुळ शिरगावचे दोन फौंड्रीमालक. सगळे माझ्याहून वयानं, धंद्यानं मोठे. कार्डं वाटून झाली, ग्रुपवर मेसेज टाकले, उत्तरात नुसता अंगठा. चहाच्या सुट्टीत ते आपापसांत भंगाराचे दर बोलतात, मी कप धरून कडेला. ऑर्डर मागायची नाही (तो वास आला की माणसं सावध होतात), त्यांनी आपल्यामागे धंदा सांभाळणारी दुसरी फळी कशी उभी केली एवढंच समजून घ्यायचंय. दोनच सत्रं उरलीत, सवड फक्त सोमवारी. थेट ‘युनिट बघायला येऊ का?’ विचारलं तर आगाऊपणा वाटेल, की आधी त्यांनाच शॉपवर बोलवू?