देव मानणं सुटलं, तर राईवर कुऱ्हाड पडेल का?

खाडीकाठ:
तळकोकणात बऱ्याच गावांत देवराईतलं, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानातलं, झाड देवाचा कौल घेतल्याशिवाय तोडत नाहीत. आता गावात देव न मानणारेही वाढलेत. धाक गेल्यावर नीती कशावर उभी राहणार?

तर्कटराव:
तुम्ही दोन प्रश्न एकत्र केलेत. माणूस नियम पाळतो का, हा एक. नियम मुळात योग्य का, हा दुसरा. दुसऱ्यासाठी कौलच नीट बघा. मूर्तीला ओल्या कळ्या किंवा तांदूळ चिकटवतात. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. पण काय विचारायचं ते मानकरी आधीच ठरवतात. 'शेजाऱ्याची गवताची उडवी पेटवू काय?' असा कौल कोणी लावत नाही. बरंवाईट ठरवूनच आपण देवापुढे उभे राहतो. प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात सॉक्रेटिसचा पेच हाच: देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून आवडतं? आणि मीमांसेचे, म्हणजे वैदिक कर्मकांडाच्या शास्त्राचे, आचार्य कुमारिल भट्ट तर सृष्टिकर्ता ईश्वर नाकारूनही पक्का कर्मठ.

होय_म्हाराजा:
पण पाळण्याचं काय? 2007 मध्ये कॅनडात प्रयोग झाला. 10 डॉलर हातात, त्यातले हवे तेवढे अनोळख्याला द्यायचे. आधी देवाविषयीचे शब्द असलेली वाक्यं जुळवायला दिली, तर सरासरी 4.22 डॉलर दिले गेले, नाहीतर 1.84. धाक चालतो.

तर्कटराव:
अर्धंच सांगितलंत. त्याच अभ्यासात न्यायालय, पोलीस, करार हे शब्द दिल्यावरही जवळपास तेवढेच डॉलर सुटले. शिवाय 2015 मध्ये बऱ्याच मोठ्या गटावर तोच प्रयोग केला, तेव्हा देवशब्दांचा परिणाम दिसलाच नाही.

ढोली:
राईचं खरं दुखणं वेगळंच आहे. श्रद्धा सांगते 'झाड देवाचं', 'झाड तोडू नये' असं नाही. म्हणून सरपणाला फांदी नेणारा घाबरतो, आणि देवळाच्या जीर्णोद्धाराला, सभामंडपाच्या स्लॅबला मात्र जुना बेहडा रीतसर कौल घेऊन पाडतात. देवाचं देवालाच गेलं, पाप कसलं! धनेश पक्ष्याला (आपल्याकडे गरुड म्हणतात तो) घरट्याला जुन्या, जाड झाडाची नैसर्गिक ढोलीच लागते, स्वतः तो कोरत नाही. नवं रोप लावून ती भरपाई व्हायला कित्येक दशकं जातात.

2002 च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीची समिती लोक-जैवविविधता नोंदवही करते. ढोलीची झाडं त्यात एकेक करून लिहून घ्या: जात, छातीच्या उंचीवरचा घेर, जागा. मानकऱ्यांना सोबत घेऊनच फिरा. जीर्णोद्धाराचा विषय निघाला की ती यादी आधी ग्रामसभेत वाचा, कौल मग लावा.